वाळवंटातलं बोरूचं बेट : निम्र तेलक्षेत्रातल्या पाण्याचं प्रकरण

ओमानच्या दक्षिणेकडे, मस्कतपासून सुमारे ७०० किलोमीटरवर, निम्र नावाचं तेलक्षेत्र आहे. तिथे एक पिंप तेल वर काढलं की त्याच्यासोबत दहाएक पिंपं पाणी वर येतं. पिंप म्हणजे १५९ लिटर. तेवढ्या तेलापायी दीड हजार लिटरांहून जास्त खारट, तेलकट पाणी हाताळावं लागतं. ते पिता येत नाही, शेताला देता येत नाही, आणि वाळवंट कितीही मोठं असलं तरी तिथे उघड्यावर सोडूनही देता येत नाही.

या पाण्याला साइटवर ‘प्रोड्यूस्ड वॉटर’ म्हणतात. आम्ही कामगार-इंजिनिअर नुसतं ‘पीडब्ल्यू’ म्हणायचो. आखातातल्या एका तेलक्षेत्रावर मी बरीच वर्षं हेच पाणी सांभाळण्याचं काम केलं. निम्रला मी नोकरीला नव्हतो, तिथे एक पूर्ण दिवस पाहणीसाठी गेलो होतो. या लेखात निम्रची जी माहिती आहे ती सगळी जाहीर आहे. आमच्या क्षेत्रावरचे जे प्रसंग आले आहेत, तिथे कंपनीचं आणि माणसांचं नाव मुद्दाम गाळलं आहे.

पार्श्वभूमी

निम्र हे क्षेत्र पेट्रोलियम डेव्हलपमेंट ओमान ही कंपनी चालवते. तिच्यात ओमान सरकारचा ६० टक्के वाटा आहे. इथलं तेल जड, दाट. आणि तेलाच्या थराखाली खडकात जबरदस्त ताकदीचा पाण्याचा साठा.

एवढं पाणी का येतं हे समजायला काकवीचं उदाहरण घ्या. एका भांड्यात वाळू भरा. तिच्या खालच्या भागात पाणी आणि वरच्या भागात काकवी जिरली आहे असं समजा. आता काकवीच्या थरात नळी खुपसून ओढायला लागा. काकवी जागची हलायला वेळ घेते. खालचं पाणी मात्र पातळ, ते वाट काढत नळीच्या तोंडाशी शंकूसारखं वर चढतं. एकदा ते तोंडाला लागलं की पुढे मुख्यतः पाणीच येत राहतं. जितक्या जोरात ओढाल तितकं पाणी लवकर चढतं. निम्रच्या विहिरींत हेच होतं. अशा क्षेत्राचं वय वाढतं तसं तेल कमी होतं आणि पाणी वाढतं. कारकिर्दीच्या उत्तरार्धात तेलक्षेत्र म्हणजे खरं तर पाणीक्षेत्रच असतं, त्यातून थोडं तेल निघतं इतकंच.

पाण्यात क्षार दर लिटरला सातएक ग्रॅम. समुद्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं खारट. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे अर्धा ग्रॅम ही योग्य मर्यादा मानतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर दोन ग्रॅमपर्यंत चालवून घेतात, यावरून अंदाज यावा. शिवाय या पाण्यात बोरॉन आहे. तो पिकांना थोडासाही जास्त झाला तर पानांच्या कडा जळतात. आणि टाक्यांमध्ये तेल वेगळं केल्यावरही दर लिटरला काहीशे मिलिग्रॅम तेल बारीक थेंबांच्या रूपात शिल्लक राहतं.

अडचण

सुरुवातीच्या काळात हे पाणी जमिनीतल्या उथळ थरांत सोडलं जायचं. सोपं आणि स्वस्त. पण वाळवंटात उथळ भूजल हाच उद्याचा आधार असतो, आज ते निमखारं असलं तरी. त्यात तेलकट पाणी मिसळू नये म्हणून ही पद्धत बंद करत आणली गेली. मग राहिला खोल विल्हेवाटीचा मार्ग : उच्च दाबाच्या पंपांनी पाणी खूप खोलवरच्या थरांत कोंबायचं.

इथे वीज आडवी येते. गणित अगदी साधं आहे. एक घनमीटर पाणी १०० बार दाबाने, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण शंभरपट दाबाने ढकलायला, कुठेही काहीही वाया गेलं नाही असं मानलं तरी, सुमारे २.८ युनिट वीज लागते. पंप आणि मोटरमधली घट धरली की ती चारच्या घरात जाते. पाणी रोज लाख घनमीटरहून जास्त असेल तर नुसतं ते जमिनीत परत घालायला दिवसाला चार लाखांहून जास्त युनिटं. ही वीज ओमानमध्ये मुख्यतः नैसर्गिक वायूवर तयार होते. तोच वायू कारखान्यांना हवा, घरच्या विजेला हवा, आणि २००० पासून द्रवरूपात निर्यातीलाही हवा. त्यात ओमानचं तेल उत्पादन साधारण २००१ च्या सुमारास शिखरावर पोहोचून पुढची काही वर्षं उतरत गेलं. म्हणजे उत्पन्न उतरणीला, आणि पाण्यावरचा खर्च चढणीला.

विजेचा आकडा कागदावर दिसतो. कागदावर न दिसणारा त्रास मी आमच्या क्षेत्रावर भोगला आहे. आमच्याकडे विल्हेवाटीचे तीन पंप होते, दोन चालू आणि एक राखीव. पंपांवर रात्रपाळीला रत्नागिरीकडचे एक ऑपरेटर असत. वयाने मोठे, सगळे त्यांना मामा म्हणत. एका रात्री अडीचला त्यांचा फोन आला.

“साहेब, पाच नंबरची विहीर पाणी घेईना झालीय.”

“किती प्रेशरवर गेलंय, मामा?”

“ट्रिपच्या पार जवळ, पंप आपोआप बंद पडेल. तिसरा पंप लावू का?”

“लावा. आणि एक सॅम्पल भरून ठेवा, मी येतोच.”

पोहोचलो तेव्हा मामांनी काचेची बाटली कंट्रोल रूमच्या खिडकीत ठेवली होती. पाणी राखाडी. गळ्याशी बोटभर जाडीचं काळं कडं. तळाशी काजळीसारखा गाळ, लोखंडाच्या सल्फाइडचा. हे पाणी विहिरीत जातच नव्हतं. कारण उघड होतं. पाण्याचं प्रमाण वाढत गेलं तसा टाकीत त्याला थांबायला मिळणारा वेळ कमी झाला, तेल नीट वर तरंगून येईना, आणि ते थेंब न् तो गाळ खडकाची छिद्रं बुजवत चालले होते. आम्ही विहिरीत ॲसिड सोडून ती मोकळी केली. तीन महिन्यांनी पुन्हा तोच फोन. खोल विल्हेवाट म्हणजे एकदा पाणी घातलं की सुटलो, असं नसतं.

समोरचे पर्याय

निम्रसारख्या ठिकाणी काय काय करता आलं असतं?

पहिला मार्ग, आहे तेच वाढवणं. आणखी पंप, आणखी विहिरी, आणखी वीज. अभियंत्यांना हा मार्ग सोयीचा वाटतो, कारण त्यात नवीन काही शिकावं लागत नाही.

दुसरा, तेच पाणी तेलाच्या थरात परत घालून तेल पुढे रेटणं. जगभर ही पद्धत चालते, आणि जिथे चालते तिथे ताजं पाणी वाचवण्याचा हाच सर्वांत थेट उपाय आहे. बॉम्बे हायवर दाब राखायला समुद्राचं पाणी प्रक्रिया करून घालतात. राजस्थानात बाडमेरजवळच्या मंगला क्षेत्रात यासाठी थुंबलीच्या खाऱ्या भूजलाची निवड झाली, जे तसंही पिण्यालायक नव्हतं. थारसारख्या भागात ही निवड किती महत्त्वाची आहे, हे तिथल्या टांक्यात, म्हणजे जमिनीखालच्या हौदात, साठवलेलं पावसाचं पाणी मोजून वापरणाऱ्या माणसालाच कळेल. निम्रची गोष्ट मात्र वेगळी होती. तिथे खालचा साठा स्वतःच इतका जोर लावतो की बाहेरून दाब द्यायची फारशी गरज नाही. परत घालायला जागाच नाही म्हटलं तरी चालेल.

तिसरा मार्ग, पाणी गोडं करून शेतीला देणं. ऐकायला सर्वांत छान. पण रिव्हर्स ऑस्मोसिसच्या पडद्यांचं तेलाशी अजिबात जमत नाही. तेलाचा अंश राहिला की पडदे चिकट होऊन बसतात. बोरॉन नेहमीच्या सामूवर या पडद्यांतून बराचसा निसटून पुढे जातो. आणि एवढं करून उरलेलं दाट खारं पाणी टाकायचा प्रश्न आहे तिथेच.

चौथा मार्ग पाणी वरच न आणण्याचा. ज्या विहिरींत तळातून पाणी घुसतंय तिथला खालचा भाग सिमेंटने बंद करणं, आडव्या विहिरी तेलाच्या थरात जास्तीत जास्त वर ठेवणं, काही विहिरी सरळ बंद करणं. हा पर्याय प्रत्येक बैठकीत कुणीतरी मांडतो, आणि प्रत्येक बैठकीत तो पुढच्या बैठकीवर जातो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पाचवा पर्याय होता गवताचा.

गवतावर विश्वास कसा बसला

फ्रॅग्मायटिस नावाचं उंच पाणगवत. आपल्याकडे ओढ्याकाठी, तळ्याकाठी वाढणाऱ्या, ज्याचे बोरू करून पूर्वी लिहीत त्याच जातकुळीतलं. खारं पाणी ते बऱ्यापैकी सोसतं. गवत तेल खातं असा एक गैरसमज आहे. तेल खातात ते जीवाणू. गवताचं काम त्यांना घर पुरवण्याचं. पाण्यात बुडालेल्या देठांवर, मुळांवर, गळून पडलेल्या पानांच्या थरावर जीवाणूंचा बुळबुळीत लेप धरतो. देठ आतून पोकळ असल्यामुळे हवा मुळांपर्यंत पोहोचते. पाणी संथपणे या जंगलातून सरकतं, थेंब देठांना चिकटतात आणि पुढचे काही दिवस जीवाणू ते फस्त करत राहतात. वाळवंटातली उष्णता इथे शत्रू नाही, कारण उबदार पाण्यात जीवाणू जोमाने काम करतात.

तत्त्व जुनं होतं. गावांचं सांडपाणी अशा वाफ्यांतून स्वच्छ करण्याची पद्धत युरोपात आधीपासून होती. पण रोजचे हजारो घनमीटर तेलकट खारं पाणी ओमानच्या उन्हाळ्यात? यावर कुणी कागदावरून हो म्हणणार नव्हतं. निम्रला आधी लहान वाफे करून काही वर्षं चाचणी चालवली गेली. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. तेलाच्या धंद्यात सहा महिन्यांची चाचणीही लांबलचक वाटते. गवताला मात्र सगळे ऋतू दाखवावे लागतात. रोप लावल्यावर ते दाट व्हायला वेळ जातो, कडक उन्हाळ्यात पाण्याचा खारटपणा वाढतो तेव्हा ते तगतं का हे पाहावं लागतं, थंडीत जीवाणू मंदावतात तेव्हा पाणी किती स्वच्छ निघतं हेही. चाचणी एका हिवाळ्यावर आटोपती घेतली असती तर हा पर्याय बहुधा तिथेच फेटाळला गेला असता, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धवट माहितीवर मंजूर झाला असता.

दुसरा महत्त्वाचा निर्णय कराराचा. २००८ मध्ये जर्मनीच्या बाउअर कंपनीसोबत वीस वर्षांचा करार झाला : प्रकल्प तुम्ही आखा, बांधा, तुमच्या मालकीचा ठेवा आणि चालवा. बांधून हात झटकणारा कंत्राटदार आणि वीस वर्षं तिथेच राहणारा कंत्राटदार यांच्या आखणीत फरक पडतो. राहणारा वाफ्याचा उतार ठरवताना वीस वर्षांच्या विजेचं बिल डोक्यात ठेवतो.

प्रत्यक्ष काम

२०१० च्या अखेरीस पाणी सुरू झालं. पहिल्या टप्प्याची क्षमता दिवसाला ४५,००० घनमीटर होती. ती वाढून ९५,००० झाली, मग १,१५,०००, आणि आणखी पुढच्या विस्तारात १,७५,००० पर्यंत गेली. १,१५,००० घनमीटर म्हणजे साडेअकरा कोटी लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचं माणशी १३५ लिटरांचं आपलं प्रमाण धरलं तर साडेआठ लाख वस्तीच्या शहराचं पाणी झालं हे. या टप्प्यावर गवताचे वाफे सुमारे ३६० हेक्टर होते आणि त्यांच्यापुढे बाष्पीभवनाची तळी ५०० हेक्टरच्या वर.

पाणी आधी तेल वेगळं करणाऱ्या यंत्रणेत जातं. तिथे मोठ्या वाट्याचं तेल निघतं आणि ते तेल कंपनीला परत मिळतं. हा क्रम फार विचारपूर्वक ठेवलेला आहे. गवताला उरलेसुरलेच थेंब द्यायचे, विकण्याजोगं तेल त्याच्या तोंडी घालायचं नाही. मग पाणी पायऱ्यापायऱ्यांच्या वाफ्यांमध्ये उतरतं. एका वाफ्यातून दुसऱ्यात, फक्त उताराने. पंप नाही. एवढ्या मोठ्या क्षेत्रात जमिनीची पातळी अशी राखायची की पाणी कुठे तुंबणार नाही आणि कुठे पळणारही नाही, हे भात लावणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. बांध आणि उतार, दोन्हींत बोटभर चूक झाली तर खाचर बिघडतं. इथे खाचर शेकडो हेक्टरांचं होतं.

मी गेलो ती सकाळ थंडीतली होती. आधी वास आला, क्रूडचा, जो इतक्या वर्षांत नाकात मुरलेला. पहिल्या वाफ्याच्या तोंडाशी देठांना गुडघाभर उंचीपर्यंत काळा पट्टा. पाण्यावर पातळ साय, उन्हात रंग बदलणारी. बांधावरून पुढे चालत गेलो तसा पट्टा फिकट होत गेला. तिसऱ्या वाफ्याशी वास उरला नव्हता. गवत माझ्या डोक्याहून उंच, आणि वारा आला की त्याचा असा सळसळाट, की क्षणभर कुठे उभे आहोत हे विसरायला व्हावं. शेवटच्या तळ्यात शेकाट्यांची जोडी लांब गुलाबी पायांवर उभी होती. सोबतच्या केरळी तंत्रज्ञाने शेवटच्या वाफ्यातून बाटली भरून माझ्या हातात दिली. पाणी चहासारखं किंचित पिवळट, पाल्याचा रंग उतरलेला. कडं नाही, साय नाही. मी ती बाटली बराच वेळ उन्हात धरून पाहत राहिलो. मामांच्या खिडकीतली बाटली आठवत होती.

काय साधलं, काय नाही

वाफ्यांत शिरणाऱ्या पाण्यातलं लिटरला सुमारे ४०० मिलिग्रॅम तेल बाहेर पडताना अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खाली येतं. विजेचा वापर दर घनमीटरला युनिटाच्या दहाव्या भागाहून कमी. खोल विल्हेवाटीला लागणाऱ्या वीजेशी तुलना केली तर ९८ टक्क्यांच्या आसपास बचत. पक्ष्यांच्या शंभराहून जास्त जातींची नोंद झाली आहे, कारण युरोप-आशियाकडून आफ्रिकेकडे जाणाऱ्या स्थलांतराच्या वाटेवर मैलोन्‌मैल दुसरं पाणी नाही.

पण हिशोब पुरा मांडायला हवा. हे पाणी शेवटी कुठे जातं? हवेत. १,१५,००० घनमीटर पाणी ८६० हेक्टरांवरून उडवायचं तर वर्षभर रोज सरासरी तेरा मिलिमीटरांहून जास्त उडायला हवं. महिन्याला चारशेच्या जवळपास. मराठवाड्यात अख्ख्या पावसाळ्यात जेवढा पाऊस पडतो त्याच्या निम्म्याहून जास्त पाणी तिथे दर महिन्याला वर जायला लागतं. उन्हाळ्यात हे होतं, हिवाळ्यात वेग पडतो, म्हणून तळी हिवाळ्याच्या हिशोबाने मोठी ठेवावी लागतात. ज्या देशात जागा अमाप आणि ऊन कोरडं आहे तिथेच हे शक्य. कुणी उत्साहाच्या भरात आसाममध्ये किंवा आपल्या कोकण किनाऱ्यावर हाच आराखडा जसाच्या तसा उचलायचा म्हटलं तर पहिल्याच पावसाळ्यात तळी भरून वाहतील.

आणि मीठ. लिटरला सात ग्रॅम धरले तर त्या क्षमतेला रोज सात-आठशे टन क्षार तळ्यांत जमा होतात. दहा टनी ट्रक धरले तर रोजचे सत्तर-ऐंशी ट्रक. पाणी उडतं, मीठ कुठे जात नाही. ते वापरात आणण्याचे प्रयत्न आहेत. ड्रिलिंगच्या चिखलासाठी मीठ लागतंच, आणि ते बाहेरून आणण्यापेक्षा इथलं वापरणं केव्हाही बरं. तरी एवढ्या राशीला पुरेल असा ग्राहक वाळवंटात सापडणं कठीण. मला विचाराल तर या प्रकल्पाच्या यशाइतकंच ठळकपणे हे मीठ मांडलं गेलं पाहिजे. करार संपेल तेव्हा तळ्यांच्या तळाशी काय असेल, याचं उत्तर पहिल्या दिवसाच्या आराखड्यातच हवं.

वेगळं काय करता आलं असतं

इथे मी पुन्हा चौथ्या पर्यायाकडे येतो, पाणी वरच न आणण्याच्या. गवताच्या वाफ्यांनी पाण्याच्या विल्हेवाटीचा खर्च इतका खाली आणला की पाणी कमी करण्याची निकड सैल पडण्याचा धोका तयार झाला. हा दोष गवताचा नाही. पंप महाग होते तोवर प्रत्येक घनमीटर टोचत होता. आता तो टोचत नाही. पण टाक्यांतून नेताना, विहिरीतून उपसताना, तापवताना त्याच पाण्यावर ऊर्जा खर्च होतच असते, फक्त ती दुसऱ्या खात्यात पडते.

करारातही हीच मेख असते. कुठल्याही ठिकाणी पाणी हाताळणाऱ्याला दर घनमीटरमागे पैसे मिळत असतील, तर पाणी कमी झालेलं त्याला परवडत नाही. मी असा करार लिहायला बसलो तर दोन दर ठेवीन : हाताळलेल्या पाण्याचा एक, आणि क्षेत्रावर पाणी कमी झालं तर त्या बचतीतला वाटा म्हणून दुसरा. आणि विस्ताराचा प्रत्येक टप्पा मंजूर करण्याआधी सर्वांत जास्त पाणी देणाऱ्या विहिरींची यादी टेबलावर असल्याशिवाय बैठक सुरू करणार नाही.

तंत्र उपलब्ध आहे. ओमानमध्येच मर्मुल क्षेत्रात २०१० पासून पाण्यात पॉलिमर मिसळून ते दाट केलं जातं. दाट पाणी तेलाला बाजूने चकवून पुढे पळत नाही, त्याला रेटतं, त्यामुळे त्याच तेलासाठी कमी पाणी फिरवावं लागतं. मंगलामध्येही पुढे हीच वाट धरली गेली. यात एक गोम आहे. तो पॉलिमर कालांतराने वर येणाऱ्या पाण्यात उतरतो आणि तेलाचे थेंब सुटायला त्रास देतो. म्हणजे खाली केलेल्या सुधारणेचा परिणाम वरच्या प्रक्रियेवर होतो. विहिरीखालचं पाहणारा विभाग आणि पाणी पाहणारा विभाग वेगवेगळ्या इमारतींत बसत असतील तर हे सहा महिने उशिरा कळतं. आमच्याकडे ते तसंच कळायचं.

निम्रहून परतल्यावर मी आमच्या क्षेत्राची यादी काढली. गवत लावायला आमच्याकडे जागाही नव्हती आणि पैसाही. यादीत पाहिलं तर मूठभर विहिरी अशा निघाल्या की ज्यांचं तेल नावापुरतं आणि पाणी मात्र एकूण पाण्याचा मोठा हिस्सा. त्या बंद करून पाहू म्हटलं. उत्पादन विभागाच्या प्रमुखांनी साफ नकार दिला.

“रोजच्या आकड्यात तेल कमी दिसेल. वर काय सांगू?”

“एक महिना द्या, सर. तेल घटलं तर मी स्वतः व्हॉल्व्ह उघडतो.”

त्यांनी दोन विहिरी दिल्या, महिनाभरासाठी. तिसऱ्या एका विहिरीत, विहीर दुरुस्त करणारी वर्कओव्हर रिग आलेलीच होती म्हणून, खालची छिद्रं सिमेंटने बंद करून घेतली. पहिल्या आठवड्यात तेल थोडं घटलं आणि मला झोप लागली नाही. दुसऱ्या आठवड्यापासून ते सावरायला लागलं. सामाईक लाइनमधली पाण्याची गर्दी कमी झाली होती, तिच्यातला दाब उतरला होता, आणि त्याच लाइनवरच्या शेजारच्या विहिरींना मोकळं वाहायला जागा मिळाली होती. टाकीत पाण्याला थांबायला वेळ मिळू लागला, तेल आपसूक वर येऊ लागलं. महिन्याच्या शेवटी तेल जवळपास होतं तिथेच होतं. प्रमुखांनी विहिरी उघडा म्हटलं नाही, आणि बंद ठेवा असंही लेखी दिलं नाही. त्या बंदच राहिल्या.

ही चाचणी मी तीन वर्षं आधी का केली नाही, हे मला अजून लागून राहिलं आहे. पाणी ही आमच्या खात्याची जबाबदारी, तेल त्यांच्या खात्याची, ही रेघ मीही तितक्याच इमानाने पाळत होतो. ॲसिडच्या दोन-तीन फेऱ्या, बदललेल्या पंपाच्या सील, मामांच्या जागवलेल्या रात्री, यातलं बरंच टळलं असतं.

त्यानंतर एकदा मामांचा फोन आला, तोही दिवसाढवळ्या.

“साहेब, पाच नंबर गुण्यागोविंदानं पाणी घेतेय. तिसरा पंप महिनाभर लावलाच नाही. आठवड्यातून एकदा हाताने फिरवून ठेवतो, जाम व्हायला नको.”